अंगावरचं दूध पुरतंय का, आणि त्यानं बाळाची बुद्धी वाढते का?

प्रश्न तासगाव तालुक्यातल्या एका पहिलटकरणीचा आहे. सिझर झालंय, मुलगी आज ७५ दिवसांची. जन्माचं वजन २.७ किलो, चौथ्या दिवशी घरी सोडताना २.५, दीड महिन्याच्या (४५ व्या दिवशीच्या) लसीला ३.७ आणि आता ४.६ किलो. माहेरून सासरी आल्यापासून संध्याकाळी फार रडते, आईची छाती पूर्वीसारखी भरून येत नाही. त्यामुळे दूध आटलं असं घरात ठरलं आणि गेले पंधरा दिवस रात्री एक वेळ म्हशीचं दूध निम्मं पाणी घालून बाटलीनं देतात. घर माळकरी. चार महिन्यांनी नोकरीवर परत जायचंय. त्या विचारतात: माझं दूध खरंच कमी पडतंय का? अंगावरच्या दुधानं मेंदूची वाढ चांगली होते म्हणतात ते कितपत खरं? की डीएचए (मेंदूला लागणारा एक स्निग्ध घटक) घातलेली पावडर द्यावी?

तुम्ही दिलेल्या वजनांत पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. जन्मानंतर पहिल्या ३-४ दिवसांत बाळाचं वजन ७ ते १० टक्के उतरतं. २.७ चं २.५ होणं त्यातच बसतं. चौथ्या दिवसापासून ४५ व्या दिवसापर्यंत १.२ किलो वाढलं, म्हणजे रोज २९ ग्रॅमच्या आसपास. तेव्हा वरचं दूध सुरू नव्हतं. पुढच्या ३० दिवसांत ९०० ग्रॅम वाढलं, रोज ३० ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत रोज २५ ते ३० ग्रॅम वाढ आपल्याला हवी असते. तुमचं दूध पुरत होतं आणि पुरतंय. म्हशीच्या दुधानं आकड्यात दिसेल अशी कसलीही भर घातलेली नाही. दुसरी खूण लघवीची. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत ६ किंवा जास्त दुपटी ओली होत असतील, लघवी पिवळीधमक न दिसता पाण्यासारखी असेल, तर दूध पोटात जातंय.

मग छाती सैल का पडली? सुरुवातीचे काही आठवडे शरीर अंदाजानं, जरा जास्तच दूध बनवतं. छाती दाटते, ब्लाउज भिजतो. सहा ते आठ आठवड्यांत बाळ किती पितं ते शरीराला कळतं आणि दूध तेवढंच, गरजेपुरतं तयार होऊ लागतं. त्यामुळे छाती मऊ राहते. नेमक्या याच सुमारास बाळाचं संध्याकाळचं रडणंही शिगेला पोचलेलं असतं (सहा आठवड्यांच्या आसपास सर्वांत जास्त, तीन-चार महिन्यांत ओसरतं). या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या की घरातले म्हणतात, दूध गेलं. पिळून पाहिलं आणि चमचाभरच निघालं, तरी त्यावरून काही ठरत नाही, कारण बाळाइतकं दूध हातानं किंवा पंपानं निघत नाही. ‘पाजल्यावरही बाटली गटागटा पिते’ हाही भुकेचा पुरावा नाही. टाळूला बोंडी लागली की चोखायचं ही या वयाची उपजत क्रिया आहे, आणि बाटलीतलं दूध आपोआप ओघळत असल्यानं बाळाला ते गिळावंच लागतं.

म्हशीचं दूध मात्र थांबवा. त्याची कारणं सासूबाईंनाही सांगा, कारण त्यांनी ते मायेपोटीच सुरू केलंय. आईच्या १०० मिलि दुधात साधारण १ ग्रॅम प्रथिनं, ७ ग्रॅम लॅक्टोज (दुधातली साखर), ४ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो आणि ६५ ते ७० किलोकॅलरी मिळतात. म्हशीच्या दुधात प्रथिनं ४ ग्रॅमच्या घरात. निम्मं पाणी घातलं तरी प्रथिनं आईच्या दुधाच्या दुप्पट उरतात आणि उष्मांक मात्र आईच्या दुधाहून कमी होतात. म्हणजे मूत्रपिंडावर भार जास्त आणि पोटाला ताकद कमी. गाई-म्हशीच्या दुधात लोह अगदी थोडं, तेही नीट शोषलं जात नाही. वर्षाच्या आतल्या काही बाळांत गाईच्या दुधामुळे आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होतो आणि लोह आणखी घटतं. लोहाचा संबंध थेट मेंदूच्या वाढीशी आहे, त्याकडे पुढे येतोच. शिवाय बाळ जितकं वरचं पितं तितकं अंगावर कमी पितं. छातीत राहिलेलं दूध ‘आता बनवू नका’ असा निरोप शरीराला देतं, आणि पंधरवड्यात खरंच दूध कमी होतं. आजवर तुमचं तसं झालेलं नाही, पण हे असंच चालू राहिलं तर होईल.

एकच वेळ आहे, म्हणून हळूहळू कमी करायची गरज नाही, आजपासून बंद करा. संध्याकाळी पाच ते रात्री दहा हा वेळ बाळासाठी राखून ठेवा आणि दर तासाला, ती मागेल तेव्हा, दोन्ही बाजूंनी पाजा. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं झालं पाहिजे, आणि रात्रीचं पाजणं चुकवू नका, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. तीन-चार दिवस त्रास होईल. आठवड्यानं उपकेंद्रात त्याच काट्यावर, उघड्या अंगानं वजन करा. १७५ ग्रॅम किंवा जास्त वाढलं तर हा विषय संपला.

आता बाळ कसं धरता ते पाहा, कारण ‘दूध कमी’ म्हणणाऱ्या पुष्कळ आयांच्या अडचणीचं मूळ तिथं असतं. बाळाचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं हवं. कान, खांदा, कंबर एका रेषेत हवेत. मान वळवून पिणं म्हणजे आपण खांद्यावरून मागं बघत पाणी पिण्यासारखं आहे. बाळाच्या वरच्या ओठाला स्तनाग्र लावा आणि थांबा. जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडलं की बाळालाच छातीकडे ओढा, छाती बाळाकडे वाकवू नका. नीट पकड बसली की हनुवटी छातीत रुतलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त व खालच्या बाजूला कमी दिसतो. नुसतं स्तनाग्र तोंडात असेल तर दुखतं, भेगा पडतात, दूध कमी निघतं आणि अर्धा तास चोखूनही बाळ भुकेलं राहतं. टाके दुखत असतील तर बाळाचे पाय तुमच्या काखेखालून मागे जातील असं धरा, किंवा कुशीवर झोपून पाजा. पिताना गिळण्याचा ‘क्ह’ असा हलका आवाज आणि कानाजवळचं जबड्याचं हलणं लक्ष देऊन पाहा. चोखणं नुसतंच फडफड झालं असेल तर छाती हातानं हळूच दाबा, पुन्हा गिळणं सुरू होतं. एक बाजू पूर्ण रिकामी झाल्यावरच दुसरी द्या. शेवटी येणारं दूध जास्त स्निग्ध असतं, आणि घड्याळ लावून दहा-दहा मिनिटांनी बाजू बदलली तर बाळाला ते मिळतच नाही.

मेंदूचा प्रश्न. जन्मताना मेंदूचं वजन साधारण ३५० ग्रॅम असतं, वर्षभरात ते ९०० ग्रॅमच्या पुढे जातं. इतक्या वेगाची वाढ आयुष्यात पुन्हा होत नाही. आईच्या दुधातलं कोलेस्टेरॉल आणि डीएचए चेतातंतूंच्या आवरणासाठी कामी येतं. लॅक्टोज भरपूर असल्यानं ऊर्जा मिळते. दुधातल्या विशिष्ट शर्करा बाळाला पचत नाहीत, त्या आतड्यातल्या उपकारक जिवाणूंचं खाद्य आहेत. आईच्या पोटात किंवा श्वासातून गेलेल्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं तिच्या दुधात उतरतात, म्हणजे तुमच्याच घरातल्या, तुमच्याच गावातल्या जंतूंवरचं संरक्षण तुमच्या बाळाला मिळतं. विकासाच्या दृष्टीनं मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. जुलाब आणि न्यूमोनिया झाला की बाळ आठ-पंधरा दिवस खेळत नाही, हसत नाही, वजन घटतं आणि शिकण्याचे तेवढे दिवस वाया जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं होतं. अशा वेळी उकळलेलं पाणी आणि स्वच्छ बाटली कुठून आणणार? अंगावर पिणाऱ्या बाळाला त्या पाण्याची गरजच पडत नाही.

बुद्धीबद्दल मात्र जपून बोललं पाहिजे, कारण यावर बरंच फुगवून सांगितलं जातं. अंगावर पाजणाऱ्या आया अनेक देशांत जास्त शिकलेल्या, घरच्या बऱ्या असतात, तेव्हा मूल हुशार निघालं ते दुधामुळे की घरामुळे हे वेगळं काढणं अवघड आहे. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली ३१ रुग्णालयांत मोठा प्रयोग झाला. काही रुग्णालयांत स्तनपानाला पद्धतशीर मदत दिली, काहींत नेहमीचीच पद्धत ठेवली. जवळपास १७ हजार बाळं त्यात होती. मदत मिळालेल्या गटात बाळांना जुलाब कमी झाले, आणि साडेसहा वर्षांच्या वयात शाब्दिक बुद्धिमापनात हा गट सरासरी ७.५ गुणांनी पुढे होता. सोळाव्या वर्षी तीच मुलं तपासली तेव्हा फरक बराच आटला होता. ब्राझीलमधल्या पेलोटास शहरात १९८२ साली जन्मलेल्या मुलांचा तीस वर्षं मागोवा घेतला, तिथं वर्षभर किंवा जास्त पाजलेल्यांचा बुद्ध्यंक महिनाभरापेक्षा कमी पाजलेल्यांहून सुमारे ३.८ गुणांनी जास्त आढळला. म्हणजे फायदा दिसतो, पण तो बेताचा आहे. ज्या आईला काही कारणानं पाजता आलं नाही तिचं मूल मंद राहील असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे आणि क्रूरही आहे.

डीएचएची पावडर घेऊ नका. पूर्ण दिवसांच्या बाळांत पावडरीतल्या डीएचएमुळे बुद्धी वाढल्याचा भक्कम पुरावा नाही. अशा पावडरींची आणि बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानंच बंदी आहे. कधी खरोखर वरचं देण्याची वेळ आलीच (रोजची वाढ २० ग्रॅमपेक्षा कमी, लघवी सहापेक्षा कमी वेळा), तर पकड तपासल्यावर पहिला मान तुमच्याच काढलेल्या दुधाला. ते पुरलं नाही तरच डॉक्टरांच्या सांगण्यावरून पावडर, डब्यावर लिहिलेल्या मापानं. पुरवण्यासाठी पाणी वाढवलेली पावडर बाळाला उपाशी ठेवते.

तुमच्या प्रश्नातला ‘घर माळकरी’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. बी-१२ हे जीवनसत्त्व मेंदूच्या वाढीला लागतं आणि ते फक्त प्राणिज अन्नातून मिळतं. मांसाहार, अंडी नाहीत म्हटल्यावर उरतं दूध, दही, ताक. आणि बाळंतिणीला सर्दी होईल म्हणून सव्वा महिना नेमकं दही-ताकच बंद करतात. आईचा साठा रिता असेल तर दूध भरपूर असूनही त्यात बी-१२ नसतं. बाळ चांगलं बाळसं धरतं, सगळे कौतुक करतात, आणि चौथ्या महिन्यानंतर कधीतरी ते मंदावतं. हसायचं कमी होतं, धरलेली मान सोडतं, बसायला लागलेलं बसेनासं होतं, वरचं अन्न तोंडात घेत नाही. बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो, केस विरळ आणि तांबूस होतात, काही बाळांचे हात थरथरतात. बी-१२ दिल्यावर काही दिवसांतच बाळ पुन्हा हसू लागतं, पण उशीर झाला असेल तर विकासातली उणीव पूर्ण भरून निघेलच असं नाही. सरकारी लाल गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. तुमची रक्तातली बी-१२ ची पातळी या आठवड्यात तपासून घ्या आणि कमी असेल तर डॉक्टरांकडून स्वतःसाठी गोळ्या सुरू करा. बाळाला द्यायचं का तेही ते ठरवतील. रोज अर्धा लिटर दूध-दही-ताक खा. त्यानं साठा टिकतो, पण रिकामा झालेला साठा भरायला औषधच लागतं. माळ घातलेल्यांनी गोळी घ्यायला काहीच हरकत नाही, जिवाणूंपासून बनवलेलं हे औषध आहे. कॅप्सूल असेल तर मात्र जिलेटिनचं वेष्टण आहे का ते विचारा.

पथ्याचंही तसंच. डाळ, पालेभाजी, फळं बंद करून नुसता तूपभात खाऊ नका. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू चालतील, पण दूध वाढतं ते बाळाच्या पिण्यानं. मिश्री लावत असाल तर ती सोडा. निकोटीन आईच्या रक्तापेक्षा दुधात जास्त साठतं, बाळ किरकिर करतं, झोप मोडते, दूधही कमी होतं. एकदम सुटत नसेल तोवर निदान पाजण्याच्या आधी लावू नका, पाजून झाल्यावर लावा, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत अंश उतरतो.

गुटी देत असाल तर तीही थांबवा. वेखंड आणि जायफळ सहाणेवर उगाळताना वळसा एकचा दोन कधी होतो कळत नाही, आणि दोन्हींनी बाळाला गुंगी येते. झोपलेलं बाळ शहाणं वाटतं, पण ते कमी पितं. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे स्नायू लुळे पडणारा आजार होऊ शकतो. एप्रिल-मेच्या उन्हातही पाणी नको, दुधात ८७ टक्के पाणीच असतं. अंगावरच्या दुधात जीवनसत्त्व ‘ड’ कमी असतं, म्हणून त्याचे थेंब रोज ४०० युनिट, वर्षभर.

पाजताना आणखी एक गोष्ट घडत असते, तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. बाळ सलग पीत नाही. दहा-बारा वेळा चोखतं, थांबतं, पुन्हा चोखतं. थांबलं की आई नकळत त्याला हलवते, गालाला बोट लावते, काहीतरी बोलते. मग बाळ पुन्हा पितं. आळीपाळीनं ‘बोलण्याचा’ हा बाळाचा पहिला सराव आहे. नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं सर्वांत स्पष्ट दिसतं, आणि छातीपासून आईच्या चेहऱ्याचं अंतर तेवढंच असतं. बाळ पूर्ण पदराखाली झाकलं, किंवा आई मोबाइल बघत बसली, तर ही देवघेव होत नाही. दिवसातून निदान चार वेळा खोलीचं दार लावून, पदर बाजूला करून, तिच्याकडे बघत पाजा. बाटलीनं पाजावं लागणाऱ्या आयांनीही हे करावं, यासाठी दूध कुठलं आहे याला महत्त्व नाही.

नोकरीवर जाल तेव्हा बाळ सहा महिन्यांचं झालेलं असेल. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे, आणि परतल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसात दोन वेळा सुट्टी मिळण्याचा हक्क आहे. जाण्याआधी पंधरा दिवस दूध काढायचा सराव करा: हात धुऊन, काळ्या भागाच्या कडेला अंगठा व तर्जनी ठेवून आधी छातीच्या दिशेला मागे दाबायचं, मग पुढे पिळायचं, बोटं कातडीवर घासायची नाहीत. उकळलेल्या झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवा. आपल्या उन्हाळ्यात बाहेर ४ तास, फ्रिजमध्ये २४ तास. गरम करायचं तर भांडं कोमट पाण्यात धरा, गॅसवर ठेवू नका. पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडलं, बाटली नको.

सहा महिने पूर्ण झाल्यावर आणखी एक चूक होते: ‘अंगावर पितेय ना’ म्हणून वरचं अन्न लांबवलं जातं, किंवा उष्टावणाच्या मुहूर्तासाठी आठवा महिना उजाडतो. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि दुधातलं लोह चांगलं शोषलं जात असलं तरी ते फार थोडं असतं. लोह कमी पडलं की बाळ निरुत्साही होतं, लक्ष देत नाही, आणि पुढे भरून न निघणारं नुकसान होऊ शकतं. १८० दिवस झाले की दुसऱ्या दिवशी सुरू करा: घोटलेला वरणभात तूप घालून, नाचणीचं सत्त्व, मऊ खिचडी, २-३ चमचे, दिवसातून २-३ वेळा. चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतकं घट्ट. वरणाचं पाणी आणि पेज यानं पोट भरतं, बाळ वाढत नाही. चहात बुडवलेलं बिस्किट तर मुळीच नको, चहा लोह शोषू देत नाही. आशाताईंकडून लोहाचं सिरप घ्या, आठवड्यातून दोनदा १ मिलि. अंगावर पाजणं दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू ठेवा.

१० व्या आठवड्याची लस झाली असेल तर पुढची १४ व्या आठवड्यात आहे. त्या दिवशी वजनाबरोबर एवढं पाहा: पालथं ठेवल्यावर डोकं आणि छाती उचलते का, तुमच्या बोलण्याला हुंकार देते का, चेहऱ्यावर नजर ठेवून हसते का, मान कितपत सावरते. यातलं काही नसेल, किंवा येत असलेलं एखादं थांबलं असेल, तर ‘पुढच्या महिन्यात येईल’ म्हणून वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि सुई टोचायच्या आधी दोन मिनिटं तिला अंगावर घ्या, टोचून होईपर्यंत पिऊ द्या. सिस्टरना आधी सांगून ठेवलंत की त्या थांबतात, आणि बाळ बरंच कमी रडतं.